प्रधानबाईंचा तांब्याचा गिझर

लोणावळ्याच्या बाजारात मला कोणी थांबवलं की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "रशीदभाई, घरचा गिझर तेरा वर्षांचा झालाय. दुरुस्त करू, की नवाच घेऊ?" काम बंद करून मला चार वर्षं झाली. गुडघे शिडी चढू देत नाहीत. तरी प्रश्न चालूच आहे. पूर्वी मी चालता चालता उत्तर देऊन पुढे जायचो. आता उभा राहतो, विचार करतो आणि काहीतरी अर्धवट बोलतो. समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला. तसं नाही. सगळं आठवतंय, म्हणून उत्तर सुचत नाही.

संपादकांनी माझ्याकडे बंगलेवाल्यांचे गमतीचे किस्से मागितले होते. एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो ते एका चुकीसाठी. ती चूक माझी, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात टाकवे गावी जाऊन आलो आणि आता ती कोणाची, किती, हे मलाच कळेनासं झालंय. जेवढं घडलं तेवढं लिहितो. ज्यांची नावं येतात त्यांना विचारलेलं आहे.

आधी धंदा काय असतो ते सांगतो. गिझरमध्ये फार काही नसतं. आत पाण्याची टाकी. टाकीच्या बुडाला नटांनी आवळलेली एक गोल तबकडी, तिच्यातून कॉइल आत गेलेली. तबकडी आणि टाकी यांच्यामध्ये रबराचा वायसर. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो अडकलाच तर दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. वरून कव्हर. कॉइल जळते, थर्मोस्टॅट बिघडतो, वायसर कडक होऊन गळायला लागतो. ही सगळी दुरुस्तीची कामं. टाकीच फुटली तर मात्र गिझर गेला. एवढं कोणताही मिस्त्री सांगेल.

घोळ असा की वायसर गळला काय आणि टाकी फुटली काय, पाणी एकाच जागी, कव्हरच्या खालच्या भोकातून, थेंब थेंब पडतं. खाली उभं राहून फरक कळत नाही. कव्हर काढायचं, सगळं पुसून कोरडं करायचं, पुन्हा पाणी भरायचं आणि बोट फिरवत बसायचं. लोखंडी टाकी फुटली असेल तर बोटाला तांबूस गाळ लागतो. जुन्या तांब्याच्या टाकीला भेग गेली असेल तर कडेला हिरवा थर दिसतो. याला अर्धा-पाऊण तास जातो. शनिवारी सकाळी बंगल्यात पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून उभे असतात, तेव्हा तो अर्धा तास कोणी देत नाही. खरं म्हणजे मीही मागत नव्हतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. उर्से गावात एका घरी मुलाने हौसेने गिझर बसवून घेतला. पंधरा दिवसांत बोलावणं आलं, पाणी गरम होत नाही म्हणून. जाऊन पाहिलं तर नळाखाली हात धरवेना. घरच्या मावशी ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "गरम हाय रं, पन शिजल्यालं न्हाई." त्या गिझरचं पाणी बादलीने मागच्या पडवीत न्यायच्या, बंबात ओतायच्या, खाली दोन गोवऱ्या लावायच्या आणि मग अंघोळीला घ्यायच्या. धुराचा वास लागल्याशिवाय ते पाणी त्यांच्या अंगाला मानवत नव्हतं. मी कव्हर उघडलं, एक स्क्रू सैल करून पुन्हा आवळला आणि म्हणालो, "मावशी, आता शिजेल." तक्रार पुन्हा आली नाही. सून मात्र नंतर बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, बंब अजून पेटतोच.

वलवणला रेल्वेतून निवृत्त झालेले एक सिग्नलवाले काका होते. त्यांना 'नवा' हा शब्द चालत नसे. आधी कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट, मग व्हॉल्व्ह. चौथ्या-पाचव्या वर्षी टाकी बदलली. गिझर मागच्या गॅलरीत होता. माकडांनी पाइपाला लोंबकळून कव्हर पाडलं, तेव्हा तेही बदललं. मी म्हणालो, "काका, आता यात जुनं काय राहिलं?"

"भिंतीतली भोकं," काका म्हणाले. "आणि तुझा माझ्यामागचा ससेमिरा."

त्यांनी शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगितलं, गिझर जुनाच आहे, दुरुस्त करून वापरतो. मी कधी त्यांना खोडून काढलं नाही. बिलावरही दुरुस्ती असंच लिहायचो.

तर दुरुस्ती आणि बदलणं यांच्यामधली रेघ अशी हलती असते. आम्हा मिस्त्री लोकांचा एक न बोललेला नियम होता. बंगल्यात बदलायला सांगायचं, वस्तीत दुरुस्त करून द्यायचं. यात लबाडी नव्हती, किंवा तेव्हा वाटत नव्हती. बंगलेवाला पंधरा दिवसांतून एकदा येतो. दुरुस्त केलेला गिझर त्याच दिवशी पुन्हा बंद पडला तर तो पाहुण्यांसमोर तुमची लाज काढतो आणि पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री बोलावतो. वस्तीतला माणूस म्हणतो, "भाई, मंगळवारी बघा, तोवर चुलीवर तापवू." त्यामुळे एकाच बिघाडाला दोन घरांत दोन निकाल मिळायचे. गावातली दुसरी रीत अशी की बंगल्यातून उतरलेली वस्तू रखवालदाराची. जुना फ्रिज, पडदे, गादी, गिझर, काहीही. मालक विचारत नाही, रखवालदार सांगत नाही.

तुंगार्लीच्या प्रधानबाई मुंबईला बँकेत होत्या. बंगला त्यांच्या मिस्टरांनी बांधला आणि गिझरही त्यांनीच निवडून आणलेला, तांब्याच्या टाकीचा, जड. मिस्टर गेल्यावर बाई दर शुक्रवारी एकट्या यायच्या. मागच्या खोलीत रखवालदार सोपान आणि त्याची बायको हौसा राहायची. सोपान मूळचा टाकवे बुद्रुकचा, हाताने हुशार. लहानसहान कामांना मला बोलावणं पडू नये म्हणून मीच त्याला पाना धरायला, फ्यूज बांधायला शिकवलं होतं. हौसावहिनी बंगल्याची धुणीभांडी करायच्या. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. लोणावळ्याच्या थंडीत टाकीतलं पाणी हाताला चावतं, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

पौष महिन्यातला तो शनिवार होता. बाईंकडे त्यांच्या बहिणीचं कुटुंब आलेलं. गिझर गळत होता. मला खंडाळ्याच्या एका हॉटेलवर साडेदहाला पोचायचं होतं. आत जाताना मागच्या दगडावर हौसावहिनी धुणं धूत होत्या. मी स्टुलावर चढलो, कव्हरखाली हात घातला, ओला हात पाहिला आणि म्हणालो, "बाई, टाकी गेली."

कव्हर उघडलं नाही.

बाई म्हणाल्या, "नक्की? यांनी फार चौकशी करून घेतला होता हो."

"वीस वर्षं झाली की, बाई."

त्यांनी वर गिझरकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "रशीदभाई, तुमच्या घरचा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कोणी विचारला नाही. त्या वेळी भांगरवाडीत माझ्या घरी जो गिझर होता तो एका हॉटेलने टाकून दिलेला, मी तीनदा उघडून शिवलेला. मी बाईंकडे बघून म्हणालो, "बदलला असता."

"मग बदला," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडून ते का आलं, याचा मी पुष्कळ विचार केला. हौसावहिनींचे हात पाहिले होते आणि जुना गिझर त्यांच्याकडे जाईल हे मला ठाऊक होतं. नव्या गिझरवर दुकानदार मला काहीतरी द्यायचा, हेही खरं. खंडाळ्याची घाई होती, हेही खरं. यातलं पहिलं कारण मला जास्त आवडतं, म्हणून मी त्यावर कमी विश्वास ठेवतो. आणि माझ्या हाताला लागलेलं पाणी स्वच्छ होतं, हिरवट नव्हतं, असं मला दिसतं. पण ते मी तेव्हा पाहिलं होतं, की नंतर आठवणीत भरलं, हे आता सांगता येत नाही.

मंगळवारी मी सोपानच्या खोलीपुढे तो उतरवलेला गिझर उघडला. टाकी ठणठणीत. वायसर पापडासारखा झालेला. मी नवा वायसर घातला, कॉइल खरवडून साफ केली आणि त्यांच्या मोरीत गिझर बसवून दिला. हौसावहिनींनी नळ सोडला, दोन्ही हात खाली धरले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाई, च्या ठेवते." मी घरी गेलो तो खुशीत. बाईंचं काय गेलं, त्यांना नवा मिळाला. यांना गरम पाणी मिळालं.

तो गिझर तिथे नऊ वर्षं चालला. तेवढ्यात बंगल्यातला नवा एकदा बदलून झाला, आणि त्याच्या जागी आलेलाही कुरकुरायला लागला होता.

श्रावणातल्या एका शनिवारी बाईंचा मुलगा समीर मित्रांना घेऊन आला. बाई मुंबईला होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बंगल्यातला गिझर बंद पडला, म्हणून सोपान मागच्या खोलीतून गरम पाण्याच्या बादल्या आणून द्यायला लागला. एवढं पाणी येतं कुठून म्हणून समीरसाहेब मागे बघायला गेले आणि त्यांनी वडिलांचा गिझर ओळखला. कव्हरवर वडिलांच्या हाताने लाल रंगात 'चालू' आणि बाण काढलेला होता.

त्यांनी मला फोन लावला. मी बाजारात एका दुकानात बसलो होतो.

"रशीदभाई, बाबांचा गिझर तुम्हीच बाद ठरवला होता ना?"

"हो, साहेब."

"तो इथे मागे मस्त चालू आहे. सोपान म्हणतो, तुम्हीच दुरुस्त करून बसवून दिलात."

त्या आवाजात राग होता असं नाही. खरं सांगितलं असतं तर कदाचित ते हसलेही असते. पण त्या कॉलनीतले पंधरा-सोळा बंगले माझ्याकडे होते आणि समीरसाहेब बोलके होते. मी म्हणालो, "मी पाहिला तेव्हा तो बादच होता. पुढचं मला काही माहीत नाही."

फोन तिथे स्पीकरवर होता. मग सोपानचा आवाज आला, "भाई?" एवढंच. फोन बंद झाला.

आठवडाभरात सोपानला जायला सांगितलं. आरडाओरडा झाला नाही. मालकाला मुद्दाम खोटा बिघाड दाखवून वस्तू लाटली आणि वर मिस्त्रीचं नाव घेतलं, असं ठरलं. मुंबईला बाईंनाही तेच कळवलं गेलं. नोकरीबरोबर खोलीही गेली. दोघं टाकव्याला परतली. कॉलनीतली माझी कामं चालू राहिली.

मला वाटलं होतं, सोपान दारात येऊन उभा राहील, चार शब्द बोलेल. तो आला नाही. पुढे कामशेतच्या बाजारात दोनदा दिसला. "काय भाई, बरं हाय का?" म्हणाला. मी बरं आहे म्हणालो. तो भाजी घेऊन निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

यंदा पुढच्या हजच्या यादीत आमचं नाव लागलं. हजला निघण्याआधी आमच्यात सगळ्यांकडे जाऊन माफी मागायची रीत आहे. ज्यांच्याशी उठबस झाली, व्यवहार झाला, त्यांना म्हणायचं, बोलता-वागताना काही चुकलं असेल तर माफ करा. माणसाचं जे देणं राहिलं ते माणसानेच सोडायचं असतं, असं आम्ही मानतो. मी जुनी गिऱ्हाइकं, हॉटेलवाले, दुकानदार, सगळे फिरलो. लोक हसून माफ करतात. एक हॉटेलवाला म्हणाला, "भाई, तुम्ही कसली माफी मागता, तुमची अर्धी बिलं मी दिलीच नाहीत, तुम्हीच मला माफ करा." आम्ही एकमेकांना माफ केलं आणि वडापाव खाल्ला.

एके दिवशी बायको म्हणाली, "सगळ्यांकडे जाऊन आलात. टाकव्याला कधी जाणार?" मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात बसून मी फोनवर काय बोललो, ते तिला दुकानदाराच्या बायकोकडून तेव्हाच कळलं होतं. सहा वर्षं तीही गप्प होती.

कान्हे फाट्यावरून जीप मिळाली. सोपान अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. केस पिकलेले, बाकी तसाच. मी बसलो आणि म्हणालो, "सोपान, मी हजला चाललोय. माफी मागायला आलोय."

"माफ केलं," तो म्हणाला. "च्या घेनार का?"

"अरे, कशाची ते तरी ऐक."

"हाजला जानारा मानूस माफी मागत फिरतो, म्हाईत हाय मला. काय आसंल ते समदं माफ."

"अशी माफी माझ्या कामाची नाही. मला बोलू दे."

मग मी सगळं सांगितलं. कव्हर उघडलं नव्हतं ते. बाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. फोनवर बोललो ते. तो खाली बघत ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने हातातला पाना बाजूला ठेवला.

"भाई, वायसर गळतोय, हे मला म्हाईत हुतं."

मला वाटलं, मंगळवारी उघडला तेव्हाचं बोलतोय. "तेव्हा तर आपण दोघांनी पाहिलाच की," मी म्हणालो.

"तवाचं न्हाई. त्याच्याआदी. दोन वर्सं गळत हुता त्यो. तुमीच दावलं हुतं पाना कसा फिरवायचा. दर गुरवारी, बाई यायच्या आदी, मी कव्हर खोलायचो आन समदं नट आवळून ठिवायचो. आटवडाभर थेंब न्हाई पडायचा. त्या गुरवारी न्हाई आवळलं."

"विसरलास?"

"न्हाई." त्याने पाना पुन्हा उचलला. "हिचं हात बघितलं सकाळी. भाकर थापता येईना. म्हनलं, गळू दे. भाई यील, बाद म्हनंल."

मी विचारलं, "मग मी फोनवर तसं बोललो, तेव्हा तू मला जाब का विचारला नाहीस?"

"मला वाटलं, तुमाला कळलंय. नट सैल दिसलं आसत्याल तुमाला, आन एवडी वर्सं पोटात ठिवलं. आता सायबानं इचारल्यावर भाईनं माझ्यासाटी आनखी किती झाकायचं? म्हनून आलो न्हाई. कुटल्या तोंडानं येनार हुतो?"

मी तिथे बसून आठवायचा प्रयत्न करत होतो. मंगळवारी उघडला तेव्हा नट सैल होते का? उतरवताना हलले असतील. मला काहीच आठवत नव्हतं. ज्या माणसाचं मी वाटोळं केलं असं समजून मी सहा वर्षं काढली, तो सहा वर्षं मला मोठ्या मनाचा समजत होता. आणि समीरसाहेबांचा संशय, म्हणजे बिघाड मुद्दाम झाला हा, तोही अगदीच खोटा नव्हता. फक्त कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं.

हौसावहिनी दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही.

"झालं का दोगांचं?" त्या म्हणाल्या.

सोपानने मान वर केली नाही.

"हे मी आज ऐकते," त्या मला म्हणाल्या. "सा वर्सं मी ह्यास्नी सांगत आले, आपली काय चूक न्हाई, कुनाफुडं मान खाली घालू नगा. आन ह्यो मानूस गप बसायचा. मला वाटायचं, दुक्कानं गप हाय."

"वहिनी, मी तुमचीही..."

"माज्या हातांची तुमा दोगांस्नी दया आली. बरं झालं. पन मला कुनी इचारलं? मी धूतच हुते की गार पान्यात. आयुष्य धुतलं. हात दुकत हुतं, पन कुनी बोट दावत न्हवतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माजी माफी मागनं ऱ्हाऊ द्या. आदी बाईंकडं जावा. बाई मला चोराची बायको समजत्यात. त्यास्नी समदं सांगा. तुमचं बी आन ह्यांचं बी."

"सोपानचं कशाला, वहिनी? माझं सांगितलं तरी पुरे आहे."

"अर्दं सांगून तुमचं मन हलकं हुईल. माजं काय?"

सोपान म्हणाला, "सांगा भाई. लिवायचं आसंल तर लिवा बी. माजं नाव घालून."

चहा झाला. पंपाचं काम तसंच पडून राहिलं. जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ज्यासाठी गेलो होतो ते मला मिळालं होतं, अगदी पहिल्या वाक्यात मिळालं होतं, आणि आता त्याला काही अर्थ उरला आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं.

प्रधानबाई आता बाराही महिने लोणावळ्यालाच असतात. काठी घेऊन चालतात, सोबतीला एक बाई असते. मी गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. हजचं ऐकून आनंदल्या. मग मी माझा भाग सांगायला सुरुवात केली. त्या मध्ये बोलल्या नाहीत. फक्त "तुमच्या घरचा असता तर" या जागेला आलो तेव्हा म्हणाल्या, "हो, विचारलं होतं मी." बँकेतल्या बाईंसारख्याच म्हणाल्या, एखादी जुनी सही ओळखावी तसं.

मी फोनपर्यंत सांगून थांबलो.

"म्हणजे सोपान खरं बोलत होता," बाई म्हणाल्या. "आणि आम्ही त्याला काढला. समीरला आजच सांगते. बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता."

इथे थांबता आलं असतं. सोपानचं नाव धुतलं गेलं होतं, दोष माझ्याकडे आला होता आणि मी तेच ठरवून घरातून निघालो होतो. टाकव्याला कोणी विचारलंच तर सांगायचं, सगळं सांगितलं. मी उठायच्या बेतात होतो. पण वहिनींचं ते "माजं काय" डोक्यातून जाईना. पुन्हा एकदा, कव्हर न उघडता निकाल देऊन निघाल्यासारखं वाटलं.

मी नटांचं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "त्याने ते सैल केले?"

"सैल केले नाहीत. आवळले नाहीत."

"यात फरक आहे?"

"मला माहीत नाही, बाई. परवापासून तोच विचार करतोय."

"आणि हौसाला?"

"काही माहीत नव्हतं. परवा माझ्यासमोर कळलं."

"दोन वर्षं दर गुरुवारी आवळत होता," बाई म्हणाल्या. "आम्हाला कधी बोलला नाही." त्यांना राग आला आहे की आणखी काही, मला ओळखता येईना. आता समीरसाहेबांना त्या काय सांगणार, सोपानला चांगला म्हणणार की वाईट, मला बरं वाटायला हवं की नको, काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला. "फोन लावा. हौसाला."

मी सोपानचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या हातात दिला. सोपानने उचलला. बाई म्हणाल्या, "मी प्रधानबाई. हौसाला दे." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग कोणीतरी फोन घेतला.

"हौसा?" बाई म्हणाल्या.

"बाई," हौसावहिनी म्हणाल्या आणि मग त्या एकदम, न थांबता बोलायला लागल्या. "निगताना मी समदी भांडी घासून ओट्यावर मांडली हुती. चमचे येगळे, वाट्या येगळ्या. सायबांना म्हनलं, मोजून घ्या. सायेब म्हनले, राहू दे, गरज न्हाई. कुनीच मोजली न्हाईत, बाई."

"मी मोजली होती," बाई म्हणाल्या. "मुंबईहून आले तेव्हा. सगळी होती."

"मोजली व्हय," हौसावहिनी म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "मोजायला नको होती."

कोणी फोन ठेवला नाही. बाईंनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मी पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन उभा राहिलो.